बंदुकीची जागा

दुरून डोंगर साजरे म्हणतात, ते वल्ली माणसांच्या बाबतीत फार खरं आहे. सिंगापुरातल्या मराठी मंडळींत आमच्या कॅप्टनचं नाव निघालं की लोक आधी हसतात, मग किस्से सुरू होतात. मीही हसत असे. पुढे त्यांच्या घरात भाड्याने राहिले आणि हसू गेलं.

सेरंगूनला, मॉलच्या मागच्या ब्लॉकमध्ये, नवव्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. मी विद्यापीठात नुकतीच पोस्टडॉक म्हणून लागले होते आणि खोली शोधत होते. स्वयंपाक करणार का, कोणी भेटायला येणार का, असलं घरमालक विचारतात तसलं त्यांनी काहीच विचारलं नाही. खुर्चीत ताठ बसून म्हणाले, "पोहता येतं?"

"नाही."

"हं. समज, तू झोपलीयस. खालून शिडी लावून दोघं वर आले, हातात कोयते. काय करशील?"

मी खिडकीतून खाली पाहिलं. नववा मजला. मी म्हणाले, "ओरडेन."

"ऐकणार कोण?"

"शेजारी."

त्यांनी माझ्याकडे अत्यंत कीव आल्यासारखं पाहिलं. "समुद्रात शेजारी नसतात," ते म्हणाले. तेवढ्यात आतून काकू आल्या. "अहो, ती खोली बघायला आलीय, बोट नव्हे. अगो, तू ये आत. चहा घे आधी." खोली मला मिळाली ती काकूंमुळे, आणि मी तिथं टिकले तीही त्यांच्यामुळेच. त्यांना काकू म्हटलेलं चाले. ह्यांना काका म्हटलं की चेहरा आंबट व्हायचा. "काका जमिनीवर असतात," म्हणायचे. म्हणून कॅप्टन.

माणूस मूळचा साताऱ्याचा, जिथून समुद्र बघायला घाट उतरावा लागतो. तरी आयुष्य मालवाहू जहाजांवर काढलं, कॅप्टन म्हणून निवृत्त झाले आणि साठलेल्या पैशातून एक जुनी शिडाची बोट घेतली. ती एका क्लबच्या मरीनात, म्हणजे बोटींच्या धक्क्याला, बांधलेली असे. बोटीला त्यांनी काकूंचं माहेरचं नाव दिलं होतं. बायकोवर किती प्रेम, असं लोक म्हणायचे. त्या बोटीतून काकूंना त्यांच्या माहेरी न्यायचं हा खरा बेत होता. इथून मलाक्काच्या सामुद्रधुनीतून वर, मग श्रीलंकेला वळसा, मग कोचीन, आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने गुहागरच्या खालच्या एका लहानशा गावापर्यंत. नकाशा दिवाणखान्याच्या भिंतीवर लावलेला होता आणि त्यावर लाल पेन्सिलीने रेघ ओढलेली होती. मी राहायला गेले तेव्हाच ती रेघ फिकट झालेली होती.

घोडं अडलं होतं बंदुकीवर.

समुद्रावर स्वतःच्या बोटीने हिंडणाऱ्या माणसाने स्वतःच्या रक्षणासाठी बंदूक बाळगावी की नाही, हा विषय मला त्या घरात जाईपर्यंत ठाऊकही नव्हता. नंतर तो मला पोळीच्या पहिल्या घासाबरोबर मिळू लागला. त्यांचं म्हणणं अगदीच वेडगळ होतं असं मी म्हणणार नाही. किनाऱ्यापासून दोन दिवसांच्या अंतरावर कोणी बोटीवर चढलं, तर हाक मारायची कुणाला? वायरलेसवर ओरडलात तरी मदत यायला अर्धा दिवस. "कायदा जमिनीवर असतो आणि बोट पाण्यात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यावर काकूंचं ठरलेलं उत्तर, "आणि तुम्ही घरात."

अडचण अशी, की हे सगळं ते सिंगापुरात बसून म्हणत होते. इथं बंदूक जवळ सापडली तर तुरुंग, आणि चालवली तर फाशी. त्यांनी वाट काढली होती. फुकेटला एक जुना मित्र आहे, बंदूक तिथून रीतसर परवान्याने घ्यायची, सिंगापूरला परत यायचंच नाही. प्रत्येक बंदरात ती कस्टमच्या ताब्यात द्यायची, निघताना परत घ्यायची. ऐकायला ठीक वाटे. पण एका वर्षी तो मित्र आजारी पडला, एका वर्षी परवाना अडला, आणि हे सगळं निस्तरेपर्यंत जानेवारी उलटून गेलेला असे. त्या बाजूला जायला वारा मिळतो तो हिवाळ्यातच. वारा गेला की कॅप्टन हात झटकून म्हणत, "आता पुढच्या वर्षी." नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. तिचा अर्थ मला त्या घरात कळला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडे पूजा असे. साताऱ्याच्या घरी आजोबांची तलवार आणि दुनळी बंदूक पाटावर मांडून खंडेनवमीला पूजा व्हायची, ते वळण त्यांनी इथवर आणलं होतं. नोव्हेनाहून एक डॉक्टर दांपत्य, सेंगकांगहून आयटीतली चार कुटुंबं, सगळे यायचे आणि आपापली हत्यारं पाटावर ठेवायचे. लॅपटॉप, स्टेथोस्कोप, माझं प्रयोगशाळेचं ओळखपत्र. त्यांवर लिटल इंडियातून आणलेली झेंडूची फुलं. आणि पाटाच्या मधोमध लाल फ्लॅनेलचा एक लांबट तुकडा अंथरलेला, रिकामा. त्यावर कोणी काही ठेवायचं नाही. ती बंदुकीची जागा.

मंत्र म्हणून झाले की कॅप्टन त्या रिकाम्या फ्लॅनेलवर फूल वाहत. मोठी माणसं मूग गिळून बसत. एकदा एका आयटीवाल्याची सहा-सात वर्षांची मुलगी इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "अंकल, देअर इज नथिंग लाह." तिच्या आईने तिला दटावलं. काकू मात्र खळखळून हसल्या आणि त्यांनी शिडाचे दोर गुंडाळायच्या चक्राचा दांडा आणून त्या फ्लॅनेलवर ठेवला. "ह्याची करा पूजा. ह्यानं बोट हलते तरी." कॅप्टननी तो दांडा उचलून बाजूला ठेवला, फ्लॅनेल हाताने सारखं केलं आणि आरती सुरू केली.

बोटीवरही बंदुकीची अशीच जागा होती. पायऱ्या उतरून केबिनमध्ये गेलं की उजव्या हाताला सागवानी कप्पा, मापात बनवून घेतलेला, आत तेच लाल फ्लॅनेल, बाहेर पितळी कुलूप. त्याची किल्ली ते गळ्यात घालत. बंदूक नव्हतीच, म्हणून काकू तिथं लोणच्याच्या बरण्या ठेवत. "बोट हेलकावली तरी इथं पडत नाहीत हो," म्हणत. कॅप्टन दर खेपेला त्या बरण्या बाहेर काढत आणि काकू पुढच्या खेपेला त्या परत आत ठेवत. ह्यावर त्यांचं कधी भांडण झालेलं मी पाहिलं नाही.

दर रविवारी ते कुणाला तरी बोटीतून दक्षिणेकडच्या बेटांपर्यंत फिरवून आणत. पाहुण्यांना हवी असायची हवा आणि फोटो. मिळायचं व्याख्यान. कोथरूडचा एक मॅनेजर एकदा हिरिरीने वाद घालायला लागला. म्हणाला, "कॅप्टन, तुमच्याकडे बंदूक आहे कळलं की चोर गोळी आधी घालेल आणि चोरी नंतर करेल."

"तू कधी कोयता गळ्याशी पाहिलायस?"

"नाही."

"मग तू चिप्स खा."

मग ती गोष्ट सुरू व्हायची. बऱ्याच वर्षांपूर्वी, इथल्याच सामुद्रधुनीत, पहाटे चाचे त्यांच्या जहाजावर चढले. मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा बोसनच्या, म्हणजे खलाशांच्या मुकादमाच्या, खांद्यात कोयता लागला होता. पुढच्या वर्षी बोसन मेला होता. आणखी एका वर्षाने त्याच्याबरोबर इंजिनावरचा एक तेलवालाही मेला आणि डेकवरचं रक्त धुवायला सकाळ गेली. "एक बंदूक असती," कॅप्टन म्हणत, "एक, तर दोन संसार वाचले असते." काकू त्या वेळी पाण्याकडे बघत बसायच्या. मला वाटायचं, त्यांना ते ऐकून त्रास होतो.

अशाच एका रविवारी दुपारी एक लहान मोटारबोट सरळ आमच्याकडे येऊ लागली. आत टोपी घातलेला एक चिनी म्हातारा आणि त्याची बायको, गळ टाकायला निघालेले. तो हात हलवून काहीतरी ओरडत होता. कॅप्टनचा रंग पांढरा झाला. त्यांनी बाकाखालून संकटात पेटवायचा लाल फ्लेअर काढला, टोपण उडवलं आणि तो त्या म्हाताऱ्यावर रोखून ओरडले, "कीप क्लिअर! आय विल फायर!" मी अंग चोरून बसले. काकू उठल्या, त्या दोघांच्या मध्ये, कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या. म्हातारा ओरडत होता, "अंकल, यूअर रोप! रोप!" आमचा एक दोर मागे पाण्यात लोंबत होता आणि अजून थोडा सुटता तर बोटीच्या इंजिनाच्या पंख्यात गुंतला असता. एवढंच. काकूंनी डब्यातली थालीपिठं कागदात गुंडाळून त्यांच्याकडे दिली. म्हातारी दोन्ही हात जोडून हसली आणि ते निघून गेले.

मरीनाला पोहोचल्यावर कॅप्टन म्हणाले, "आज नशीब. उद्या तसेच येतात, तेव्हा दोर दाखवायला येत नाहीत." लोक हा किस्सा पोट धरधरून सांगतात. मी बोटीत होते, मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मला दिसला तो काकूंचा पाठमोरा पदर, त्या फ्लेअरच्या आणि एका निरुपद्रवी म्हाताऱ्याच्या मध्ये.

काकूंना पोटाचा आजार निघाला तो उन्हाळ्यात. नोव्हेनाच्या इस्पितळात डॉक्टरांनी फार आडपडदा ठेवला नाही. बरे दिवस थोडे आहेत, ते हवे तसे घालवा म्हणाले. दुपारी कॅप्टन औषधं आणायला खाली गेले की मी काकूंजवळ बसत असे. एकदा त्यांनी मला माहेरचं घर सांगितलं. घर अगदी पुळणीला लागून, परसात सुरूची झाडं. लहानपणी त्या आईचं ओलं लुगडं वाळत घालायला जात आणि समुद्रातून बोट जाताना दिसली की ते लुगडं दोन्ही हातांनी हलवत.

"कोणी कधी परत हात केला नाही गो," त्या म्हणाल्या. "आई म्हणायची, इतक्या लांबून त्यांना दिसत नसेल. मी म्हणायची, दिसत असेल, पण ते करत नाहीत. एकदा बोटीतून बघायचं होतं. तिथून दिसतं का, एवढंच."

"मग जाऊ या ना," मी म्हणाले. "ह्याच जानेवारीत. मी रजा काढते, मी येते बरोबर."

त्या हसल्या. "ह्यांना विचारलं मी परवा. म्हणाले, ह्या अवस्थेत तुला नेऊ, आणि बंदुकीशिवाय?"

मला राग आवरेना. मी म्हणाले, त्या चाच्यांनी दोन माणसं मारली हे खरं, पण म्हणून जन्मभर...

"कोणी मेलं नव्हतं," काकू म्हणाल्या.

मी खुर्ची जवळ ओढली.

"मी होते ना जहाजावर. त्या वेळी अधिकाऱ्यांच्या बायका जात असत बरोबर. पाच-सहा पोरं होती, हातात कोयते, स्वतःच घाबरलेली. ह्यांना तिजोरीची किल्ली मागितली. हे म्हणाले, माझ्याकडे नाही. किल्ली गळ्यात होती, दिसत होती. त्यातल्या एकानं ह्यांच्या थोबाडीत मारली. हलकीशीच. ह्यांनी किल्ली काढून दिली, मी बांगड्या दिल्या, ते गेले. बोसनला खरचटलंसुद्धा नाही."

खाली रस्त्यावर रुग्णवाहिका वळली. काकूंनी पांघरूण सारखं केलं.

"ती थोबाडीत सगळ्यांसमोर बसली ना. माझ्यासमोर. ह्यांना वाटतं, मी ते रोज बघते. मी त्याच आठवड्यात विसरले असते गो. ह्यांनी विसरूच दिलं नाही."

त्या संध्याकाळी इस्पितळाच्या उपाहारगृहात मी कॅप्टनच्या समोर जाऊन बसले. ते कोपी, म्हणजे इथली कॉफी, ढवळत होते. मी म्हणाले, "कॅप्टन, तुम्हाला बंदूक नको आहे. तुम्हाला ती थोबाडीत परत करायची आहे, आणि ते पोर आता कुठं आहे तुम्हाला ठाऊक नाही. म्हणून तुम्ही काकूंना अडवून ठेवलंय."

चमचा थांबला. "तुला कोणी सांगितलं?"

"जी तिथं उभी होती तिनं."

त्यांचा चेहरा मी आधी कधी तसा पाहिला नव्हता. वाटलं, आता उठून वर जातील, निघू या म्हणतील. ते उठले, पण लिफ्टकडे गेले नाहीत. बाहेरच्या दाराने निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले ते फुकेटच्या मित्राला फोन लावतच. परवान्याचं पुन्हा विचारत होते. माझ्याशी त्यांनी बोलणं टाकलं. मी जे बोलले त्याचा मला पश्चात्ताप नाही. जरा आधी बोलायला मिळालं असतं तर बरं झालं असतं.

काकू डिसेंबरात गेल्या. वारा सुरू झाला होता.

मंडाईच्या स्मशानगृहात दहन झालं. लोक भरपूर आले, बऱ्याच जणांनी काकूंच्या थालीपिठांची आठवण काढली. अस्थी विमानाने न्या, नाशिकला सोडा, इथंच समुद्रात सोडण्याची सोय आहे तिथं सोडा, असे सल्ले निघाले. कॅप्टन कुणालाच हो-नाही म्हणाले नाहीत. मी खोली सोडली आणि सेंगकांगला राहायला गेले. पुढे जानेवारीत एक दिवस त्यांचा संदेश आला, "उद्या सकाळी निघतोय. येणार असलीस तर ये."

मी गेले. काकूंसाठी गेले. बोट धुवून लखलखीत केलेली, डेकवर पाण्याचे डबे बांधलेले. मी केबिनमध्ये उतरले. सागवानी कप्पा उघडा होता. लाल फ्लॅनेलवर मधोमध तांब्याचा कलश, दोन्ही बाजूंनी टॉवेलच्या गुंडाळ्या ठासून, हेलकाव्याने हलू नये म्हणून. शेजारी लोणच्याची एक बरणी.

"बंदूक?" मी विचारलं. मुद्दामच विचारलं.

"नाही घेतली."

"फुकेटला घेणार?"

"फुकेटला थांबणार नाही." त्यांनी कप्प्याचं दार लावलं, गळ्यातल्या किल्लीने कुलूप घातलं आणि दोर सोडायला वर गेले. एकटा म्हातारा माणूस, शीड चढवायला त्यांना फारसे कष्टही पडले नाहीत. इतकी वर्षं हेच होत नव्हतं. मी धक्क्यावर उभी राहिले. त्यांनी हात केला, मी केला नाही.

मार्चमध्ये एक फोटो आला. पुढे पाणी, मागे सुरूची झाडं, त्यांच्या मधून कौलांचा एक तुकडा. फोटो वाकडा होता. मी तो मोठा करून करून पाहिला आणि मग फोन लावला.

"पोहोचलात."

"काल. नांगर टाकलाय समोर. उद्या होडी घेऊन भाचा येईल, मग करू सगळं." आवाज बसलेला होता.

"वाटेत कोणी आडवं आलं?"

"आलं ना. श्रीलंका मागे पडल्यावर. वेगात आले, चौघं होते. मी हात वर केले."

"मग?"

"हसायला लागले. एकानं चार मासे फेकले माझ्या डेकवर. सिगरेट मागत होते. माझ्याकडे कुठली? लोणच्याची बरणी दिली."

काकूंच्या हातचं शेवटचं लोणचं कुणा कोळ्यांनी त्या दुपारी भाताबरोबर खाल्लं असेल. काकूंना ते आवडलं असतं. मला फोनवर रडू फुटेल असं वाटलं आणि त्याचाही राग आला.

"एवढंच?" मी म्हणाले. "एवढ्याच्याच भीतीनं..."

"आता कसली भीती," ते म्हणाले. "आता बोटीवर होतं कोण, त्यांनी पळवून न्यायला."

"होतं तेव्हा तुम्ही तरी कुठं नेलंत?"

पलीकडे पाण्याचा आवाज येत होता. मी फोन ठेवणार होते. पण काकूंचा एक प्रश्न माझ्याकडे राहिला होता, आणि तो विचारायला त्या जागी माझ्या ओळखीचा हा एकच माणूस होता.

"कॅप्टन, बोटीवरून घर दिसतं का? परसातलं माणूस दिसतं?"

"दिसतं ना," ते लगेच म्हणाले. "अगदी स्वच्छ दिसतं. भाचेसून आत्ता दोरीवर लुगडं वाळत घालतेय. त्याचे काठसुद्धा दिसतायत. का गं?"

काकूंनी त्यांना हे कधी विचारलंच नव्हतं तर. त्यांना फक्त निघू या का, एवढं विचारलं होतं. आणि ज्या बाईला आयुष्यभर हे उत्तर हवं होतं, ती त्या क्षणी त्यांच्या पायाखाली, केबिनमध्ये, कुलूप लावलेल्या कप्प्यात बंदुकीच्या जागी होती.